कच्चं हाड

डॉक्टर रीता राठोड यांनी हातातला छोटा आरसा उलटा धरला आणि त्याच्या दांडीनं नानांच्या वरच्या जबड्यातल्या स्क्रूवर हलकीच टकटक केली. दात बसवण्याआधीची ती शेवटची तपासणी होती. आवाज इतका बारीक होता की फिरत्या पंख्याखाली तो दुसऱ्या कुणाच्या कानावर पडलाही नसता. पण नानांचा सारा जन्म आवाजात गेला होता, आणि हा आवाज तर त्यांच्याच कवटीतून, कानाच्या मागच्या अंगानं आला. स्वच्छ, उंच, कुठंही न अडखळणारा. स्क्रू घातला त्या दिवशीही बाईंनी असंच वाजवून पाहिलं होतं. तेव्हा ओल्या लाकडावर टिचकी मारावी तसा बद्द आवाज आला होता. आता हाडानं स्क्रू धरला होता. बाईंनी तोंड उघडायच्या आधीच नानांना ते कळलं, आणि कळल्याबरोबर भीती वाटली. बरं झालेल्या माणसाला भीती का वाटावी, हे त्यांना त्या खुर्चीत, तोंड वासलेल्या अवस्थेत उमगेना.

“ऐकलंत?” बाई म्हणाल्या. “तुमच्यासारखा कान नाही मला, पण हा आवाज मी ओळखते. हा आला की आमचं काम झालं.” मग त्यांनी उजेडाच्या पेटीवर एक्सरे लावून दाखवला. हनुवटीतून हाड काढून वरच्या जबड्यात भरलं होतं, त्याचे तुकडे कुठले आणि मूळ हाड कुठलं ते आता त्यांनाही ओळखू येत नव्हतं. शरीरानं ते तुकडे विरघळवून त्यांच्या जागी आपलं नवं हाड बांधलं होतं, आणि ते स्क्रूच्या आट्याआट्यांत जाऊन बसलं होतं. “साठीतल्या माणसाचं इतकं चांगलं भरलेलं मी तरी पाहिलं नाही, नाना. आता वाजवा. आधी थोडं, मग वाढवत न्या.” दात बसवता बसवता त्या बोलत राहिल्या. त्यांचा तांडा सिद्धेश्वरच्या धरणाच्या अलीकडे. लहानपणी जवळ्याच्या बाजारातून वरात निघाली की त्या आणि तांड्यावरची लेकरं सनईच्या मागं पार वेशीपर्यंत चालत जायची. “ती सनई तुमचीच असणार. दुसरं होतं कोण तेव्हा?” नानांच्या तोंडात बाईंची बोटं होती. मान हलवता येत नव्हती, म्हणून त्यांनी नुसते डोळे मिटले.

नांदेडहून परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. जीभ सारखी नव्या दातांकडे जात होती. दोन वर्षं तिथं मोकळी जागा होती. आधी हिरड्या सुजून, दात हलून एकेक करत पुढचे चार गेले, मग हाडच झिजलंय असं निघालं, मग हनुवटीतलं हाड, मग स्क्रू, आणि प्रत्येक पायरीनंतर थांबणं. या सगळ्या काळात फुंकायला सक्त मनाई. सनईची पत्ती ओठांत धरायची असते, पण ओठाच्या मागं दातांची भिंत लागते, नाहीतर वारा सुटतो. आता भिंत उभी राहिली होती. वारंगा फाट्यावर गाडी थांबली, कुणी भुईमुगाच्या शेंगा घेऊन चढलं, कळमनुरीला निम्मी गाडी रिकामी झाली. नाना जिभेनं भिंत चाचपत होते आणि त्यांना बापाचा हात आठवत होता. बाप पाण्याच्या तांब्यात गव्हाची काडी बुडवून ती त्यांच्या तोंडात द्यायचा. बुडबुडे तुटता कामा नयेत. गालात वारा साठवून नाकानं श्वास ओढायचा, आणि काडीतून वारा अखंड चालू. बुडबुडे तुटले की पाठीत एक धपाटा. शेजारी धाकटा नागनाथ बसायचा, आणि त्याचे बुडबुडे कधी तुटायचे नाहीत. बापानं ते पाहिलंच असणार. पण थोरल्यानं सनई वाजवायची आणि धाकट्यानं सूर धरायचा, हे आधीच ठरलेलं होतं. सूर म्हणजे भोकं बुजवलेली सनई. एकच स्वर, वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला बसून तासन्‌तास धरायचा.

घरी अनिरुद्ध वाट बघत ओट्यावर उभा होता. हिंगोली जिल्हा झाला तेव्हा जिल्हा परिषदेत जी नवी भरती झाली तीत तो कारकून म्हणून लागला होता. बापाचे दात हा त्यानं घेतलेला ध्यास होता. हिंगोलीत असलं कुणी करत नाही म्हटल्यावर त्यानं नांदेडच्या डॉक्टरीणबाई शोधून काढल्या होत्या, आणि कचेरीत तो सगळ्यांना सांगायचा की आमच्या नानांची सनई बंद पडू देणार नाही. नानांनी तोंड उघडून दात दाखवले. सून गुंजन पदर सावरत पुढं आली, म्हणाली, “पंधरा वर्षांनी लहान दिसायले, नाना.” अनिरुद्ध दाताकडं नव्हे, डोळ्यांकडं बघत होता. “आणि हाड? हाड काय म्हणल्या? वाजवायचं का आता?”

“हाड कच्चं हाय म्हणल्या अजून,” नाना म्हणाले.

असं काही बोलायचं त्यांनी गाडीत ठरवलं नव्हतं. ते वाक्य नव्या दातांतून कुठं न अडकता बाहेर पडलं. दात गेल्यापासून त्यांच्या बोलण्यात फुसफुस यायची. हे दोन वर्षांतलं पहिलं धड वाक्य होतं. अनिरुद्धचा चेहरा उतरला, पण लगेच त्यानं स्वतःला सावरलं. “जाऊ द्या. इतके दिवस थांबलो, अजून थोडं. घाई करून बिघडवायचं न्हाई.” आणि त्यानं बापाच्या हातातली पिशवी घेतली. पिशवी घेताना त्याचा हात लागला, तो गरम होता, आणि नानांना वाटलं, आता सांगून टाकावं, चूक झाली म्हणावं, बाई दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होत्या असं काहीतरी. पण गुंजननं चहाचा कप समोर धरला. चहा पिऊन झाल्यावर ती वेळ गेली होती.

खोटं बोलणाऱ्या माणसाला कारण तरी ठाऊक असावं. नानांना त्यानंतर कितीतरी दिवस कारण सापडत नव्हतं. की सापडत होतं आणि ते त्याच्याकडं पाठ फिरवत होते. पहाटे महादेवाच्या देवळाच्या बाजूनं सनईचा आवाज यायचा तेव्हा ते अंथरुणात जागे असायचे. देवळाची सेवा त्यांच्या घराण्याकडं होती, आणि नानांचे दात गेल्यापासून सनईवर नागनाथ बसत होता. त्याच्या मागं सूर धरायला घरात कुणी नव्हतं, म्हणून अनिरुद्धनं विजेवर चालणारी सूरपेटी आणून दिली होती. ती पेटी ओट्यावर ठेवायची, बटण दाबलं की सूर सुरू. नागू वाजवायचा. सुरुवातीला दबकत वाजवायचा, दुसऱ्याच्या घरात पाहुणा गेल्यासारखा. मग हळूहळू त्याचा आवाज मोकळा झाला. आता देवळासमोरून सायकलवर जाणारी दूधवाली पोरं पाय टेकून थांबतात, असं गुंजन सांगत आली होती. नाना अंथरुणात पडून ऐकायचे आणि त्यांना आपल्या भावाचा हेवा वाटायचा नाही. हेवा वाटला असता तर बरं झालं असतं, तो निदान उघड असतो. त्यांना सुटल्यासारखं वाटायचं. आणि त्या सुटकेची लाज वाटायची. त्या लाजेनं ते गोधडी तोंडावर ओढून घ्यायचे.

कारण खरं म्हणजे फार जुनं होतं. हट्टा गावात एका मोठ्या घरचं लग्न होतं, नाना तेव्हा तिशीचे असतील. मांडवात शेकडो माणसं, उन्हाचा ताव, आणि नाना रंगात येऊन वाजवत होते. वरच्या सप्तकात एका ठिकाणी स्वर किंचित उतरला. लोकांना कळायचं कारण नव्हतं, लोक वाढप्यांकडं बघत होते. पण डाव्या हाताला नागूचा सूर लागलेला होता, आणि सुराच्या शेजारी उतरलेला स्वर हा धुतलेल्या धोतरावरच्या डागासारखा असतो. नागूनं त्यांच्याकडं पाहिलं. क्षणभर. मग त्यानं नजर मांडवाच्या खांबाकडं वळवली, आणि पुन्हा आयुष्यात कधी वाजवताना त्यांच्या तोंडाकडं पाहिलं नाही. त्या दिवसापासून नानांना कळलं की आपला कान आपल्या हातापेक्षा मोठा आहे. चूक ऐकू येते, पण दुरुस्त होत नाही. पुढची सगळी वर्षं ते वाजवत राहिले. नारळ घेतले, खांद्यावर शाली घेतल्या, “नाना म्हणजे नाना” हे ऐकून घेतलं, आणि दर वेळी डाव्या हाताला तो अखंड सूर. त्यात एका अक्षराचाही ठपका नसायचा, म्हणूनच तो सोसवायचा नाही. मग हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले. लोक म्हणू लागले की बिचाऱ्या नानांचे दात गेले म्हणून सूर हलतो. ते ऐकताना नानांना किती हायसं वाटलं होतं. दात धड असतानाही सूर हलत होता हे एक ते स्वतः जाणत होते आणि एक नागू. आता नांदेडच्या बाईंनी हाड भरून काढलं, एवढं चांगलं की त्यांनीही पाहिलं नव्हतं. वाजवायला बसलं आणि स्वर उतरला तर बोट कशाकडं दाखवायचं? त्यांच्या जबड्यानं, त्यांना न विचारता, रोज थोडं थोडं काम करून त्यांची सबब हिरावून घेतली होती.

दिवाळी गेली. जिनिंगमध्ये कापसाचे ढीग लागले, गावावर धूळ आणि तंतू तरंगायला लागले, आणि नागूचा दमा उठला. त्याला तो पूर्वीपासून होता, पण सूर धरताना त्यानं तो कधी दिसू दिला नव्हता. सनईला दम जास्त लागतो. एका सकाळी नागूची बायको मंजुळाबाई घरी आली. ती कधी नानांच्या समोर येऊन बसत नसे. दाराच्या आड उभी राहून, पदर डोक्यावर ओढून बोलायची. त्या दिवशीही ती तशीच उभी राहिली. तिचा आवाज मात्र दाराच्या अलीकडं आला.

“भावजी, हाड कवा धरंल म्हणायल्या डाक्टरीणबाई?”

“काहून?”

“न्हाई, ह्यांला लई तकलीफ होऊन राहिली. वाजवून आले की तास तास खांबाला टेकून बसतात. बोलणं होत न्हाई. मी म्हणलं, नानांला सांगा. तर माझ्यावरच डोळे वटारतात. म्हणतात, नानांचं हाड कच्चं हाय, त्यांला घाई करायची न्हाई.”

नानांनी जिभेनं दात चाचपले. हे आता त्यांना सवयीचं झालं होतं, कुणी काही विचारलं की जीभ तिकडं जायची. “धरंल,” ते म्हणाले. “हाडाचं काम हाय. आपल्या हातात थोडंच हाय.”

“व्हय,” मंजुळाबाई म्हणाली. “ते बी बराबर हाय.” आणि ती गेली. तिच्या त्या “बराबर हाय” नं नानांना दिवसभर बसू दिलं नाही. तिनं भांडायला हवं होतं. दुपारी गुंजननं भाकरी वाढली, ती त्यांनी पुढच्या दातांनी कडक पापुद्र्यासकट चावली, आणि चावताना त्यांच्या ध्यानात आलं की सून बघते आहे. कच्च्या हाडाचा माणूस इतकी कडक भाकरी चावत नाही. दुसऱ्या घासापासून ते भाकरी कालवणात भिजवून मागच्या दाढांनी खाऊ लागले. गुंजन पाणी आणायला आत गेली, आणि नाना भिजलेल्या भाकरीकडं बघत राहिले. आपण या वयाला भाकरी खाण्याचं नाटक करतो आहोत.

एकदा, घरात कुणी नसताना, त्यांनी फडताळातून सनई काढली. पत्ती पाण्यात भिजवली. ओठांत धरली आणि अगदी हलका, कुजबुजल्यासारखा वारा सोडला. दातांची भिंत जागच्या जागी उभी होती. वारा कुठूनही सुटला नाही. स्वर लागला, आणि तो स्वर ऐकून त्यांना कळलं की तो तसाच आहे, हट्ट्याच्या मांडवातला, किंचित खाली झुकणारा. हाड नवं होतं, स्वर जुनाच होता. त्यांनी पत्ती पुसली, सनई गुंडाळली, आणि फडताळ लावताना दाराकडं वळून पाहिलं. चोरी करून परत जागेवर ठेवणारा असाच बघत असेल.

पौषातल्या एका संध्याकाळी आरतीच्या वेळी लाईट गेली. त्या वर्षी भारनियमन इतकं होतं की लाईट गेल्याचं कुणाला नवल वाटायचं नाही. समया होत्या, माणसं होती, आरती चालू राहिली. पण ओट्यावरची सूरपेटी गप्प झाली. नाना खाली, पायऱ्यांच्या कडेला, इतर लोकांत उभे होते. दात आल्यापासून ते आरतीला असेच खाली उभे राहायचे. सूर थांबल्यावर नागूची सनई एकटी पडली. मधे श्वासाला थांबावं तर ओट्यावर नुसतं शांत होणार, आरतीचा तोल जाणार, म्हणून तो थांबला नाही. नानांना त्याचे गाल दिसत होते, मानेच्या शिरा दिसत होत्या, आणि नाकानं ओढलेल्या श्वासाची शीळ सनईच्या आतून ऐकू येत होती. बाकी कुणालाही ती ऐकू आली नसेल. स्वर मात्र कुठंही उतरला नाही. नाना मनात म्हणत होते, थांब नागू, थांब. आणि त्याच वेळी त्यांना दिसलं की नागूची जुनी सूर-सनई ओट्यावर, खुंटीला टांगलेली आहे, आपण दोन पायऱ्या चढून ती घेतली तर त्याला श्वास मिळेल, आणि फुंकायची मोकळीक तर बाईंनी दिवाळीच्याही आधीच दिली होती. ही गोष्ट इतकी साधी होती की ती त्यांना इतके दिवस सुचलीच नव्हती. थोरल्यालाही सूर धरता येतो हे त्यांच्या डोक्यात कुठल्याच बाजूनं शिरलं नव्हतं. पाय हलला नाही. कच्च्या हाडानं कसं फुंकलं, असं लोक विचारतील. आरती संपली. नागूनं सनई मांडीवर ठेवली आणि तो हळूच एका अंगाला कलंडला.

सरकारी दवाखान्यात त्याला तोंडाला नळी लावून वाफ दिली. सकाळपर्यंत त्याचा श्वास खाली बसला. डॉक्टर म्हणाले, जपावं लागेल. वाजवायचं असेल तर मधे मधे थांबून, दम खाऊन. मंजुळाबाई डबा आणायला घरी गेली, अनिरुद्ध औषधाला बाहेर गेला, आणि खाटेशी नाना एकटे राहिले. खिडकीतून ऊन आलं होतं. नागूचे हात पांघरुणावर पडले होते, म्हातारे झालेले, बोटं मात्र अजून कोवळी. भोकं बुजवलेल्या सनईवर चाळीस वर्षं त्या बोटांना काही कामच नव्हतं.

“नागू,” नाना म्हणाले. “माझं हाड धरलंय.”

नागूनं मान वळवली.

“दिवाळीच्या आधीच धरलं. बाईंनी तवाच सांगितलं होतं वाजवा म्हणून. मी कुणाला बोललो न्हाई.”

त्यांनी हे खाली, खाटेच्या लोखंडी पायाकडं बघत सांगितलं. आता शिव्या येतील याची त्यांनी तयारी केली होती, आणि शिव्या येणं त्यांना हवंही होतं. त्यांनी वर पाहिलं तर नागूचे डोळे भरून आले होते.

“माझ्यासाठी?” नागू म्हणाला. त्याचा आवाज अजून बसलेला होता. “मला वाजवाया मिळावं म्हणून तुमी गप बसले, नाना?”

नानांना आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग कळलं, आणि कानशिलं तापली. “तसं न्हाई, नागू. तसं काही न्हाई. मी—”

“तुमी न्हाईच म्हणणार.” नागूनं पांघरुणावरचा हात सरकवून त्यांच्या मनगटावर ठेवला. “बाबांनी कधी हातात दिली न्हाई. मला वाटायचं, तुमच्या ध्यानात बी नसंल. मी सूर धरायचो आन बोटं मनात हलवायचो. तुमी वळखून होते तर. आन मी येडा, देवाला म्हणत होतो की नानांचं हाड अजून थोडं कच्चंच राहू दे. लई वाईट वाटायचं असं म्हणल्यावर. पण म्हणत होतो.”

ही वेळ होती. हट्ट्याचा मांडव, उतरलेला स्वर, दातांची सबब, अंथरुणातली सुटका, सगळं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. नानांनी तोंड उघडलं. जीभ दातांच्या मागं जाऊन टेकली आणि तिथंच राहिली. समोर त्यांच्या धाकट्या भावाचा चेहरा होता, इतका हलका, इतका निवलेला की तो त्यांनी लहानपणीही पाहिला नव्हता, आणि खरं बोललं तर तो चेहरा पुसला जाणार होता. निदान असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं बोललं तर आपलाही चेहरा त्याच्यासमोर उघडा पडणार, हे त्याच्या खालचं कारण होतं, आणि तेही त्यांना दिसत होतं. खालचं कारण वरच्या कारणाला इतकं चिकटून बसलेलं होतं की दोन्हींमधली सांध आता नानांना स्वतःलाही शोधता येईना.

“मग आता,” नागू म्हणाला, “मी परत सूरवर बसतो. तुमचं हाड चांगलं झालंय म्हणल्यावर.” हे त्यानं विचारल्यासारखं म्हटलं, आणि त्याचा हात मनगटावरून किंचित सैल झाला.

“न्हाई,” नाना म्हणाले. “तू वाजव. सूर मी धरीन. दम संपला की तू थांबत जा. मी चालू ठेवीन, लोकांला थांबल्यासारखं वाटणार न्हाई.”

“तुमी सूरवर? थोरले? लोकं काय म्हणतील नाना?”

“म्हणू दे.”

लोक काय म्हणाले ते महाशिवरात्रीला कळलं. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. दोघे भाऊ ओट्यावर चढले, नागू मधे बसला, आणि नाना त्याच्या डाव्या हाताला बसले तेव्हा पायऱ्यांवर कुजबूज झाली. वाजवायला सुरुवात करण्याआधी नागू, सगळ्यांच्या देखत, त्यांच्या पायांवर वाकला. दवाखान्यातली गोष्ट त्यानं कधीच सगळीकडं सांगितली होती. अनिरुद्धनं ती कचेरीतही सांगितली होती. ती कळली त्या रात्री जेवताना तो बापाला एवढंच म्हणाला होता की मला तरी सांगायचं होतं नाना, मी काय कुणाला बोललो असतो? गुंजन तेव्हा वाढत होती. तिनं नानांच्या ताटात भिजवून मऊ केलेली भाकरी ठेवली नाही, कडक ठेवली, आणि एकदाच त्यांच्याकडं बघितलं. तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे नानांना शेवटपर्यंत कळलं नाही.

नानांनी सूर लावला. एकच स्वर. त्यात उतरायला जागा नव्हती, चढायला जागा नव्हती. बापाच्या तांब्यातले बुडबुडे तेवढे अखंड ठेवायचे. तो स्वर त्यांच्या दातांतून, दातांखालच्या स्क्रूतून, हनुवटीतून उचलून वर बांधलेल्या त्या हाडातून थरथरत कानशिलापर्यंत गेला, आणि बरोबर लागला. त्यावर नागूची सनई उठली. वरच्या सप्तकात तो त्याच जागी गेला जिथं नाना हट्ट्याला गेले होते, आणि तिथं निवांत उभा राहिला. नानांना ते ऐकून आनंद झाला, हे खरं. आपल्याला आता कधीच तिथं जावं लागणार नाही याचा आनंद त्याहून मोठा होता, हेही खरं.

नागू दम खायला थांबला. फक्त सूर उरला. तेव्हा पहिल्या पायरीवर बसलेले एक म्हातारे गृहस्थ, बापाच्या वेळेपासून देवळात येणारे, पुढं सरकले आणि नानांच्या गुडघ्याला हात लावून म्हणाले, “नाना, विद्या पुष्कळांकडं असती. एवढं मोठं मन कुणाकडं नसतं. धाकट्यासाठी स्वतःची जागा सोडली तुमी.” भोवतालच्या माणसांनी माना डोलावल्या. अनिरुद्ध खांबाशी उभा होता, त्यानं डोळे पुसले. म्हातारा उत्तराची वाट बघत होता, नानांच्या तोंडाकडं बघत होता. पण सूर धरणाऱ्याला बोलता येत नाही. बोलण्यासाठी पत्ती ओठांतून काढावी लागते, आणि सूर तुटतो. नानांनी गालात वारा साठवला, नाकानं श्वास ओढला, आणि मान खाली घालून ते फुंकत राहिले.